ओपन-बॅक हेडफोन तासन्‌तास का सोसवतात, आणि त्या आरामाचा हिशेब कुठे चुकतो

माझं काम ऐकण्याचं आहे. मुलाखती, बैठका, व्याख्यानं यांची रेकॉर्डिंग येतात आणि मी ती सेनगावात घरी बसून मराठीत टाइप करून देते. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर एका तासाच्या आवाजाला चार तास लागतात. मंगल कार्यालयातल्या सभेचं असेल तर सहासुद्धा. त्यामुळे हेडफोन माझ्यासाठी गाणी ऐकायची हौस नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला जशी मशीन, तसं ते माझं अवजार आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना एक पत्र पाठवलं. हेडफोन-इअरफोनचा विनाकारण वापर टाळा, वापरायचेच असतील तर आवाज ५० डेसिबलच्या वर नको, दिवसाला २ तासांपेक्षा जास्त नको आणि मधे मधे कानाला विश्रांती द्या, असा त्याचा सारांश. बातमी सगळ्या ग्रुपवर फिरली. मला ती तीन नातेवाइकांनी पाठवली. तेव्हा मी सकाळपासून पाच तास हेडफोन लावून बसलेली होते, आणि कानाला काही त्रासही होत नव्हता.

हा "त्रास होत नव्हता" भाग मला आज नीट उलगडून सांगायचा आहे. कारण हल्ली जास्त वेळ ऐकणाऱ्यांना, म्हणजे ऑनलाइन क्लासवाल्यांना, घरून काम करणाऱ्यांना, एडिटिंग करणाऱ्यांना, ओपन-बॅक हेडफोन घ्या असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. मीही तोच पाळला. पण तो अर्धा आहे.

झाकण लावलेलं आणि झाकण काढलेलं

आधी ओपन-बॅक म्हणजे काय ते बघू. हेडफोनच्या वाटीत एक पातळ पडदा असतो. तो पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. पण पडदा एकाच बाजूला आवाज काढत नाही. कानाकडे जेवढा आवाज जातो, साधारण तेवढाच मागच्या बाजूलाही जातो. बंद पाठीच्या म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये मागे प्लॅस्टिकची वाटी असते आणि तो मागचा आवाज तिच्यात अडकतो. तिथे आपटून त्यातला काही भाग परत पडद्यातून कानाकडे येतो. चांगल्या कंपन्या आत कापूस, फोम वगैरे घालून तो शोषून घेतात. ओपन-बॅकमध्ये वाटीच्या जागी जाळी असते. मागचा आवाज जाळीतून सरळ खोलीत निघून जातो.

रचनेतला फरक एवढाच. पण त्यातून चार-पाच गोष्टी निघतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आवाजाच्या नाहीतच. त्या घामाच्या आहेत, वजनाच्या आहेत, जबड्याच्या आहेत.

घामापासून सुरू करू, कारण आपण मराठवाड्यात राहतो. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा कानावर रेक्झिनसारख्या नकली चामड्याची गादी चिकटवून बसणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. घाम निघाला तरी तो उडून जायला हवा हलावी लागते. बंद वाटीत हवा हलत नाही, आतली हवा तापते, दमट होते आणि गादीखालची त्वचा ओली राहते. माझ्या कानामागे पुरळ उठायचं. दर अर्ध्या तासाला हेडफोन काढून पदराने कान पुसायचे, परत घालायचे. ओपन-बॅकमध्ये जाळीतून हवेला वाट असते आणि गाद्या बहुतेक वेळा मखमलीच्या किंवा विणलेल्या कापडाच्या असतात. कान कोरडे राहतात असं नाही म्हणणार, पण भिजत नाहीत.

दुसरी गोष्ट दाबाची. बंद हेडफोनला बाहेरचा आवाज अडवायचा असतो, त्यासाठी गादी डोक्याला घट्ट बसावी लागते. कुठे फट राहिली तर बाहेरचा आवाज आत येतो आणि ढोलकीचा खालचा ठेकाही पातळ होतो. म्हणून पट्टी जरा जोरात आवळणारी ठेवतात. ओपन-बॅकला बाहेरचा आवाज अडवायचाच नसतो, त्यामुळे त्याला सैल पकड चालते. चष्मा असेल तर हा फरक लगेच कळतो. चष्म्याची काडी आणि हेडफोनची गादी यांच्यामध्ये कानामागचं हाड सापडतं, आणि दोन तासांनी जे डोकं दुखतं ते गोळी घेऊन जात नाही, हेडफोन काढल्यावर जातं.

तिसरी गोष्ट जरा मजेशीर आहे. आत्ता वाचता वाचता दोन्ही कानांत बोटं घाला आणि "म्‌ऽऽऽ" म्हणा. आवाज डोक्याच्या आत घुमला ना? आपण बोलतो, गिळतो, चावतो तेव्हा हाडांमधून कंप कानाच्या नळीपर्यंत पोचतात. नळी उघडी असताना त्यातला बराचसा खर्ज बाहेर निघून जातो. ती बंद केली की तो आतच कोंडतो आणि मोठा होऊन ऐकू येतो. कानात खोचायच्या बड्समध्ये हे सगळ्यात जास्त होतं, बंद वाटीच्या हेडफोनमध्ये थोडं कमी, ओपन-बॅकमध्ये जवळजवळ नाही. बंद हेडफोन लावून चिवडा खाल्लात तर सोयाबीनच्या मळणीयंत्रात डोकं घातल्यासारखं वाटतं. ओपन-बॅक लावून फोनवर बोललात तर स्वतःचा आवाज नेहमीसारखाच येतो, ओरडून बोलावं लागत नाही.

आणि चौथी, जी कुठल्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नसते. खोली ऐकू येत राहते. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, गेट वाजलेलं कळतं, सासूबाईंनी हाक मारली तर ऐकू येते. बंद हेडफोन घातल्यावर मी दर थोड्या वेळाने दाराकडे मान वळवून बघायचे, हे माझ्या मुलीने मला सांगितलं. घरात काम करणाऱ्या बाईचं अर्धं लक्ष घराकडे असतंच. ते लक्ष कानावर सोपवता आलं की मान आणि डोळे मोकळे होतात. दिवसाच्या शेवटी कमी थकल्यासारखं वाटतं त्यात याचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

हा विचार काही नवा नाही. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ नावाचा हेडफोन आणला. पिवळ्या फोमच्या गाद्या, मागून उघडा आणि त्या काळच्या जाडजूड, बंद, डोकं दाबून टाकणाऱ्या हेडफोनच्या मानाने अगदी हलका. ओपन हेडफोनची सुरुवात तिथून मानतात. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, त्याच्यासोबतचा फोमवाला हेडफोनही उघडाच होता आणि वजन ५० ग्रॅमच्या आसपास. लोक तो घालून दिवसभर फिरले. एक योगायोग सांगते, सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा धंदा २०२२ मध्ये सोनोवा या स्विस कंपनीकडे गेला, आणि सोनोवाचा मुख्य व्यवसाय श्रवणयंत्रांचा!

मग सगळेच ओपन-बॅक आरामाचे का नसतात?

कारण जाळी असली की आराम आलाच, असं नाही. वजन बघा. सेनहायझरचा एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा आहे, एचडी ५६०एस २४० ग्रॅमचा. याउलट ऑडीझीच्या एलसीडी-२ सारखे प्लॅनर मॅग्नेटिक जातीचे हेडफोन अर्ध्या किलोच्या वर जातात, कारण त्यांत पडद्याच्या शेजारी चुंबकांच्या रांगा असतात. तेही ओपन-बॅकच. आवाजाची कितीही वाहवा झाली तरी अर्धा किलो डोक्यावर घेऊन सहा तास टाइप करणं माझ्या मानेला जमणार नाही.

मग गादीची जागा. गादी कानाभोवती बसते की कानावर? कानावर बसणारी असेल तर कानाची पाळी आतल्या कवटीवर दाबली जाते, आणि तासाभरात ती दुखायला लागते, उघडा असो की बंद. कानाभोवती बसणाऱ्यातही वाटी उथळ असेल तर कानाचं टोक आतल्या कडक भागाला टेकत राहतं. ही दोन मिलिमीटरची गोष्ट आहे, पण चौथ्या तासाला जगात दुसरं काही सुचत नाही.

आणि आवाजाचा स्वभाव. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो अंगावर मऊ आहे, मखमली गाद्या आहेत, ओपन आहे. पण त्याचा वरच्या पट्टीतला आवाज टोकदार आहे. "स", "श", "च" कानात टोचतात. काहींना तो तपशील आवडतो. मला दुसऱ्या तासाला तो बंद करावासा वाटला. म्हणजे कानाचा थकवा गादीतून येतो तसा आवाजातूनही येतो.

आपली अडचण ही की हे सगळं घालून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि सेनगावात ओपन-बॅक हेडफोन घालून बघायला देणारं दुकान मला तरी सापडलेलं नाही. पकड किती घट्ट आहे हा आकडा बहुतेक कंपन्या छापतच नाहीत. मग ऑनलाइन मागवायचा, दोन तास सलग घालून बसायचं आणि परत करायची मुदत संपायच्या आत ठरवायचं. दुकानात पाच मिनिटं घालून सगळेच बरे वाटतात. आणखी एक, यातले बरेच हेडफोन १२०, २५०, ३०० ओहमचे असतात. फोनला नुसती पिन लावली तर आवाज मरतुकडा येतो, ॲम्प लागतो. ते बजेटमध्ये धरा.

आता चुकलेला हिशेब

हेडफोन बदलल्यावर माझं काम वाढलं. आधी चार तासांनी कान मागे हटायचे, आता आठ-नऊ तास बसता यायचं. पैसे बरे मिळायला लागले. साताठ महिन्यांनी रात्री अंथरुणावर पडल्यावर उजव्या कानात बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. रातकिडा असेल म्हणून मी दोन रात्री खिडकी लावून घेतली.

नांदेडला जाऊन कान तपासले. तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्‌झच्या आसपास छोटा खड्डा होता. मोठ्या आवाजाने होणारी इजा सहसा तिथूनच सुरू होते. डॉक्टरांनी सगळं हेडफोनवर ढकललं नाही. माहेरी हरभऱ्याच्या मळणीला यंत्राजवळ उभी राहायचे, लग्नातले डीजे, तेही त्यांनी विचारलं. पण रोज किती तास आणि किती आवाजात ऐकता, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तास माहीत होते. आवाज माहीत नव्हता.

तो मला लाईट गेल्यावर कळला. एप्रिलची दुपार, खोलीत कूलर चालू, मी एका बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकत होते. लाईट गेली, कूलर थांबला, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. आणि हेडफोनमधला माणूस अक्षरशः कानात ओरडत होता! मी दचकून आवाज कमी केला. ७५ वरचा काटा ४० वर आणला तेव्हा तो माणूस नेहमीसारखा बोलायला लागला. मधला सगळा आवाज कूलरशी भांडण्यात जात होता.

ओपन-बॅकची खरी किंमत ही आहे. ज्या जाळीतून घाम आणि घुसमट बाहेर जाते, त्याच जाळीतून कूलर आत येतो. फोनवरच्या साउंड मीटर ॲपने मोजलं (ही ॲप तंतोतंत नसतात, अंदाज देतात) तर माझ्या टेबलाशी कूलरचा आवाज ६० च्या थोडा वर भरला. बोलणं आरामात समजायला ते आजूबाजूच्या आवाजापेक्षा दहा-पंधरा डेसिबलने तरी वर लागतं. म्हणजे स्वच्छ रेकॉर्डिंगलाच ७५ च्या घरात. त्यात कुणी पुटपुटत असेल, "सात" म्हणाला की "साठ" ते कळत नसेल, तर काटा आणखी वर.

आता ते फेब्रुवारीचं पत्र यावर ठेवून बघा. ५० डेसिबल म्हणजे समोरासमोरच्या साध्या गप्पांपेक्षाही हळू आवाज. गप्पा ६० च्या आसपास असतात. माझ्या खोलीत कूलर चालू असताना ५० डेसिबलचं रेकॉर्डिंग ऐकूच येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेलं मानक वेगळ्या पद्धतीने विचार करतं. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल आणि तितकेच तास. त्यात आवाज आणि वेळ यांचा गुणाकार धरलेला आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५ तास, तेही अख्ख्या आठवड्यात. मी आठवड्याला ५० तास ऐकत होते आणि दुपारचे आकडे बहुधा ८० च्या पलीकडे होते. दिल्लीचं पत्र मला लागू करणं शक्य नव्हतं हे खरं, पण दुसरा, ढिला हिशेबही मी पाळत नव्हते.

पत्रावर माझी तक्रार एवढीच की त्यात तास आहेत, डेसिबल आहेत, पण खोली नाही. आपल्याकडे आवाज वाढतो तो बहुतेक वेळा हौसेने नाही, पंखा-कूलरमुळे, रस्त्यामुळे, शेजारच्या हळद पॉलिशच्या ड्रममुळे वाढतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केलेला तो प्रकल्प. त्याची जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे पाहिलं गेलं होतं. आपल्या जिल्ह्याची जमीन पास झाली. माझं टेबल नापास.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ओपन-बॅकमध्ये कानावर "दाब येत नाही" म्हणून ते कानाला सुरक्षित, असं बरेच व्हिडिओ सांगतात. घुसमट कमी वाटते हे बरोबर. पण आतल्या कानातल्या नाजूक केसपेशींना हेडफोनची पाठ उघडी आहे की बंद, याच्याशी देणंघेणं नसतं. ८५ डेसिबल म्हणजे ८५ डेसिबल. उलट बंद हेडफोनमध्ये घाम, दुखणं, पुरळ हेच तुम्हाला तासा-दीड तासाने उठवतात. ओपन-बॅक ती कटकट काढून टाकतो आणि उठायचं कारणही काढून टाकतो.

मी काय बदललं

हेडफोन तोच आहे. वेळ बदलली. पहाटे पाच ते नऊ हे अवघड रेकॉर्डिंगचे तास केले, तेव्हा सेनगावात दूधवाल्याच्या गाडीशिवाय फारसा आवाज नसतो आणि उकाडाही नसतो. कूलर खिडकीबाहेर सरकवला, टेबल त्याच्यापासून लांब नेलं. आवाज वाढवायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगची खालची घरघर कापते आणि बोलण्याचा भाग थोडा उचलते. बऱ्याचदा तेवढ्यानेच "सात" आणि "साठ" वेगळे होतात.

आवाज मोजायला एक घरगुती युक्ती सापडली. "शेजारच्याला तुमच्या हेडफोनचा आवाज आला तर तो जास्त आहे" ही नेहमीची कसोटी ओपन-बॅकला लागू पडत नाही, कारण त्याचा आवाज तसाही बाहेर येतोच. त्याला उलटी कसोटी लावायची. शेजारी हातभर अंतरावर बसलेलं माणूस साध्या आवाजात बोललं तर ते तुम्हाला हेडफोन न काढता समजलं पाहिजे. मुलगी जेवायच्या वेळी टेबलाजवळ येऊन हळूच "आई" म्हणते. मी वळले नाही तर आवाज जास्त आहे. बंद हेडफोनमध्ये ही सोय नाही.

माझा भाचा हिंगोलीला एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, दिवसाला सहा-सात तास लेक्चर ऐकतो. त्याचे कान दुखतात म्हणून त्याने विचारलं, "आत्या, तुझ्यासारखा घेऊ का?" मी नाही म्हणाले. एक तर अभ्यासिकेत ओपन-बॅक लावला तर त्याचं इतिहासाचं लेक्चर अख्ख्या रांगेला ऐकू जाईल. दुसरं, तिथे सहा पंखे फुल स्पीडला असतात, रस्ता लागून आहे. तो आवाज वाढवणार आणि कान दुखायचे थांबले म्हणून जास्त वेळ बसणार. त्याच्यासाठी नॉइज कॅन्सलिंगवाला हलका हेडफोन बरा. पंख्याची एकसुरी घरघर त्यात चांगली कापली जाते आणि मग लेक्चर कमी आवाजात कळतं. घाम येईल, पण तेवढ्या निमित्ताने तासाभराने उठेल, पाणी पिईल. गादीचं कव्हर कापडाचं मिळतं, तेही सांगितलं. सध्या बाजारात जोरात असलेले, कान उघडा ठेवणारे क्लिपवाले आणि हाडांतून आवाज देणारे हेडफोनही त्याने दाखवले. घामाच्या बाबतीत ते सगळ्यात सुखाचे. पण पंख्याखाली त्यांची गत माझ्या कूलरसारखीच होणार.

घरी सुट्टीला आला की तो माझा हेडफोन पळवतो. रात्री दहानंतर, पंखा एकवर ठेवून, गच्चीचं दार उघडं टाकून ऐकतो. तेव्हा मी काही बोलत नाही. शिट्टीचं म्हणाल तर ती अजून आहे. वाढलेली नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.